गोंदणाचं दुकान आणि चार इंची भिंत

ताई, त्या दिवशी सकाळी भिंतीवर ठोके पडले तेव्हा मी चहा गाळत होते, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो वाईटच आला. इतकी वर्षं ठोके मारायचे मी आणि ऐकायचीस तू. तुझ्या बाजूनं कधी साधी टिचकी आली नव्हती. लाइट गेलेली, टीव्ही बंद, मग हिला आता काय पाहिजे? काहीतरी नवीन काढलंय हिनं, असं म्हणत मी साखर ढवळत राहिले. ठोके थांबेनात. मग तुझ्या सुनेचा, मनीषाचा आवाज आला, "काकी, ये ना ग! आई बोलत न्हाय!"

मी अनवाणी धावत आले. पाच-सहा वर्षांनी तुझ्या उंबऱ्यात पाय टाकला तो असा. तू बोलणार नव्हतीस हे मला दारातूनच दिसलं. तसं आपण बोलत तरी कुठे होतो म्हणा.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. माझ्याकडून ते होईल असं वाटत नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. दूधवाल्याच्या मापावर माझा विश्वास नाही, ज्योतिषाच्या पंचांगावर नाही, डॉक्टरनं गोळी दिली तर मी ती आधी उजेडात धरून बघते. आपले सासरे म्हणायचे, "धाकटी देवलान गेली तरी आधी देव जाग्यावर हाय का ते बघंल." तू तोंडाला पदर लावून हसायचीस. तेव्हा आपण एकाच चुलीवर भाकऱ्या थापत होतो.

सासरे गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं आणि मधोमध चार इंची विटांची भिंत घातली. भांडण नव्हतं. उलट भिंत घालताना दोघं एकमेकांना विटा देत होते. भांडण पुढं झालं ते आपलं, बायकांचं. भाऊ त्यानंतरही एका बाकड्यावर बसून तंबाखू मळत राहिले. डिशची छत्री आली तेव्हाही त्यांनी दोघांत मिळून एकच घेतली. पेटी मोठ्या भावाच्या घरी, रिमोट मोठ्या भावाच्या घरी, आणि आमच्या घरी भिंतीला भोक पाडून आणलेली नुसती वायर. म्हणजे तू जे लावशील ते मी बघायचं. मी ह्यांना म्हटलं, हे मुद्दाम केलंय. हे म्हणाले, "मुद्दाम कशाला कोन करंल? मोठ्याकरं मान." मानाच्या नावाखाली बायका काय काय करतात ते पुरुषांना कुठे कळतं?

तुझी-माझी बोली बंद होती, म्हणून ठोके आले. ठरवून नाही. एकदा ऐन रंगात आलेली मालिका तू बदललीस आणि मी रागानं हातातलं लाटणं भिंतीवर आपटलं. तू परत ती लावलीस. तिथून सुरू झालं. एक ठोका म्हणजे बदल. दोन ठोके म्हणजे आहे ते राहू दे. घरात पाव्हणा आला की तो विचारायचा, भिंतीत उंदीर आहेत का. मी म्हणायचे, हो, एक मोठी घूस आहे.

भांडण कशावरून, ते तुलाही माहीत आहे, पण मी लिहिणारच. माझ्या सुवर्णाचं कोन गावात जमत आलं होतं. मुलगा चांगला, घरची भातशेती, रस्त्याला लागून जागा. साखरपुड्याची साडी घेऊन झाली आणि त्यांचा निरोप आला, आम्हाला जमायचं नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पोरीला आकडी येते असं त्यांच्या कानावर गेलं होतं. सुवर्णाला लहानपणी एकदाच तापात आकडी आली होती. ते घरातल्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आकडी आली तेव्हा पोरीच्या तोंडात चमचा घालून बसली होतीस तू. मग मी कुणाचं नाव घेणार होते? अंगणात उभी राहून मी तुला म्हटलं, "भिंतीला कान लावून बसतंस आणि बाहेर जाऊन पेरतंस." तू एवढंच म्हणालीस, "मी न्हाय सांगितलं." दुसऱ्यांदा म्हणाली नाहीस. आत गेलीस आणि दार लावलंस. खरं बोलणारी बाई दोनदा तरी सांगते, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

सुवर्णाचं पुढं चांगलं झालं, कल्याणला सुखात आहे. पण मोडता घालणारी कोण, हा काटा माझ्या पायातून निघाला नाही.

तर ते दुकान. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी चारला लाइट आली, टीव्ही आपोआप सुरू झाला आणि समोर कुठल्या तरी फिरंगी शहरातलं गोंदणाचं दुकान. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची, तीत एक धिप्पाड बाई पालथी पडलेली, आणि मानेपर्यंत साप काढलेला एक दाढीवाला तिच्या पाठीवर मशीननं कोरतोय. सगळं इंग्रजीत. मी ठोका दिला, बदल म्हणून. तू बदललं नाहीस. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून आणखी एक दिला. तू नाहीच बदललंस. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच दुकान. तिसऱ्या दिवशीही. शंकेची पाल चुकचुकली. ही मला छळतेय. इंग्रजी कळत नाही म्हणून मला बसवलंय इंग्रजीपुढं.

तू जिंकलीस असं तुला वाटू नये म्हणून मी टीव्ही बंद केला नाही. बघत बसले, कपाळाला आठ्या घालून. ती माणसं मला मुळीच खरी वाटत नव्हती. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचं कुणीतरी गेलेलं. कुणाचा बाप, कुणाची मैत्रीण, एकाचा तर कुत्रा. सुई लागली की लगेच डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, नुसत्या हौसेनं गोंदून घेणारा एकही माणूस या देशात नाही की काय? हे रडके टीव्हीवाले शोधून आणतात, आणि कॅमेऱ्याच्या मागं कुणीतरी कांदा धरून उभा असणार.

पण ताई, चार दिवसांनी मी चारच्या आत भांडी घासून मोकळी व्हायला लागले. आधी मला वाटलं, ही फक्त पाळत आहे, लबाडी पकडायची म्हणून. मग मी त्यांना नावं दिली. दाढीवाला तो नागोबा. तांबड्या केसांची पोरगी, ती लालपरी. आणि सगळ्यांवर खेकसणारा मालक, तो मुकादम, अगदी आपल्या गल्लीतल्या कापडाच्या लूमच्या मुकादमासारखा, कामगार जरा टेकला की याच्या पोटात दुखणार. त्यांची भाषा कळत नव्हती, म्हणून मीच त्यांच्या तोंडी शब्द घालायचे. नागोबा सुई उचलायचा आणि मी म्हणायचे, "हालू नको बाय, न्हायतर वाघाचा बोका होल." लालपरी रुसून बाहेर जायची आणि मी म्हणायचे, "मना न्हाय करायची ही ड्युटी, माझा हिशेब करून टाक." हे कामावर गेलेले असायचे, घरात मी एकटी. टीव्हीशीच बोलायचे. मजा यायची. मला, या वयात, त्या नंग्या-गोंदलेल्या माणसांची मजा यायची. कुणाला सांगायची सोय नव्हती.

एकदा एक म्हातारा आला होता. केस कापसाचे. बायको गेली म्हणून तिचं नाव दंडावर गोंदवायला. मी म्हटलं, "आथा नाव लिवतोय! जिती होती तवा दोन गोड शब्द बोल्ला असतास, म्हातारी वाचली असती." त्या वेळी भिंतीपलीकडून हसू आलं. खुदकन, आणि मग दाबलेलं. ही मला हसतेय. माझी नक्कल करून आता गावभर, साऱ्या नारपोलीत सांगेल. तो सबंध आठवडा मी ओठ मिटून दुकान बघितलं. मग राहवेना, पुन्हा सुरू झाले.

त्या खुर्चीबद्दल माझं एक मत झालं होतं. सुई टोचायला लागली की माणूस खरं बोलतो. गोड बोलायला जागाच राहत नाही. मला वाटायचं, तुला एकदा त्या खुर्चीत बसवावं, नागोबाला म्हणावं चालू कर, आणि मग विचारावं, कोनला कोण गेलं होतं?

असं मनात आलं की मला माझीच खुर्ची आठवायची. खुर्ची कसली, पाट. माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. गोंदणारी बाई अंगणात आली, सासू म्हणाली, धाकटीचा हात कोरा आहे, काढ तुळस. मी गणेशपुरीची, वज्रेश्वरीच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, मला ते गोंदणबिंदण गावंढळ वाटायचं. आणि भीती. तू माझा हात तुझ्या मांडीवर घट्ट धरून बसलीस आणि माझ्या कानात त्या गोंदणारीचं वर्णन सुरू केलंस. तिचं नाक, तिची ओली सुई, तिचं दर टोच्यामागं देवाचं नाव घेणं. "बघ, देवाला बोलवतं, पन देव काय येत न्हाय, तो पन सुईला भ्यातो." मी रडता रडता हसले, हात हलला, आणि तुळशीचा एक ठिपका बाहेर पडला. तो अजून तसाच आहे, मनगटाकडे, वृंदावनाच्या बाहेर. सासू ओरडली. तू म्हणालीस, "असू दे, तुलशीच्या भायेर चिमनी बसलंय."

आणि त्याच पाटावर, सुई चालू असताना, मी तुला खरं बोलून गेले होते. मला हे घर नको, हे लूमचं खटखट नको, मी पळून माहेरी जाणार आहे, कपड्यांची पिशवीही भरून ठेवली आहे. ते तू कुणालाच सांगितलं नाहीस. सासूला नाही, तुझ्या मालकांना नाही. नंतर कधी मला टोमणाही मारला नाहीस. चार दिवसांनी मी बघितलं तर पिशवी रिकामी, कपडे घड्या करून फळीवर. त्यावरही एक शब्द नाही.

म्हणजे तुला पोटात ठेवता येत होतं. हे मला ठाऊक होतं. पण माझं डोकं म्हणायचं, तेव्हा ठेवलं म्हणून पुढंही ठेवलं असेल कशावरून? डोकं असंच चालतं माझं. त्याला मी तरी काय करू?

तुला आंघोळ घालायला मीच होते. जावेचा हक्क. कुणी हात धरला असता तर मी सोडलं नसतं. त्या दिवशी मला रडू आलं नाही, आणि बायका माझ्याकडे बघत होत्या हेही मला दिसत होतं.

रडू आलं ते बाराव्याला, तेही सरळ आलं नाही. जेवणं उरकली होती, बायका तुझ्या घरात मधल्या भिंतीकडेनं बसल्या होत्या. पाठ टेकायला जागा शोधत मी कोपऱ्यात सरकले, कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात. डोकं मागं टेकलं तर भिंत गुळगुळीत लागली. वळून बघितलं. डोक्याएवढा तेलाचा डाग. माणूस रोज एकाच जागी डोकं टेकून बसलं की पडतो तसला. तुझं ते उग्र वासाचं तेल, मला वासावरून कळलं.

मनीषा म्हणाली, "आई तिथंच बसायच्या, काकी. रोज दुपारी."

"टीव्ही बघाला?"

"व्हय. चारला रिमोट घेऊन ते गोंदनाचं लावाच्या आनि बसाच्या. मी म्हटलं मालिका लावू, तर बोलाच्या, राहू दे, तिला आवडतं."

तुझी सून गोड बोलते. सासूच्या बाराव्याला सगळ्याच सुना गोड बोलतात. मी विश्वास ठेवला नाही. मी त्या डागावर डोकं ठेवलं आणि समोर बघितलं. समोर कपाटाची बाजू. मान वाकडी करून बघितलं, पुढं झुकून बघितलं. त्या जागेवरून टीव्ही दिसतच नाही, ताई. कुठूनच दिसत नाही. दिसतो फक्त पत्रा, आणि कपाटाला लावलेला देवाचा जुना फोटो.

आणि भिंतीच्या पलीकडे बरोबर माझी बसायची जागा.

पहिला विचार काय आला सांगू? सापडली! कान लावूनच बसायची. मी अंगणात उभी राहून म्हटलं होतं तेच खरं. मी मनीषाला विचारलं, "ही भिंत कधी रंगवली?" ती म्हणाली, तिच्या लग्नात. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात. भांडण त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे हा डाग भांडणानंतरचा, रंगानंतरचा, त्या दुकानाच्या दिवसांतला. कोनच्या सोयरिकीबद्दल तो काहीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो की तू चारला टीव्ही लावायचीस आणि जिथून टीव्ही दिसत नाही तिथं येऊन बसायचीस.

मग मला तो पहिला दिवस आठवला. मी एक ठोका दिला, बदल म्हणून. मग दुसरा दिला. तुझ्या लेखी ते दोन ठोके झाले. राहू दे. तू बिचारी समजलीस, धाकटीला हे आवडलंय. आणि रोज माझ्यासाठी लावत राहिलीस. मी समजले, छळतेय.

एवढ्यावर मी रडावं, असं कुणाही शहाण्या बाईला वाटलं असतं. पण माझा स्वभाव. मी म्हटलं, तेल आहे, डाग आहे, पण ऐकू येतं का? एवढ्या लूमच्या खटखटीत भिंतीतून काय डोंबल ऐकू येणार? मी ह्यांना आमच्या घरी पाठवलं. म्हटलं, माझ्या जागेवर बसा, टीव्ही लावा आणि काहीतरी बोला. हळू बोला, गुपित सांगतात तसं.

"काय बोलू?"

"मनात असंल ते."

मी तुझ्या कोपऱ्यात बसले. डोकं टेकलं. आधी नुसता लूमचा आवाज. त्याच्याखाली टीव्हीची गुणगुण, शब्द एकही नाही, सुईचा आवाजही नाही. आणि मग ह्यांचा आवाज, इतका स्पष्ट की मी दचकले. "आथा मी काय बोलू? ही बाय येडी झायलीय. भावाची बायको गेली तं हिचं काय हे खेल." एकूण एक शब्द. मनीषाला ऐकू आला, ओट्यावर बसलेल्या बायकांना ऐकू आला, त्या हसल्या. आणि हे त्यांचं हळू बोलणं. आपण सगळे लूमच्या आवाजात वाढलो, ताई. नारपोलीत कुजबुजतो तेही पलीकडच्या गल्लीला कळतं, आणि आपल्याला वाटतं, आपण कानात सांगितलं.

तेव्हा सुवर्णाच्या आकडीचं मी ह्यांच्याशी त्याच जागी बसून बोलले होते. कोनच्यांना सांगावं की नाही, यावर आमची दोन दिवस कुजबुज चालली होती. कुजबुज! आता मला साऱ्या गल्लीचा संशय येतो. ओट्यावरच्या एकेकीच्या तोंडाकडे बघते आणि वाटतं, तू? की तू? तुझं नाव यादीतून गेलं असं मी म्हणणार नाही. तू होतीस की नव्हतीस, मला अजून ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही. पण तू यादीत अगदी शेवटी गेलीस, एवढं खरं.

पण त्या कोपऱ्यात मला जे लागलं ते वेगळंच. भिंतीतून टीव्ही ऐकू येत नव्हता, माणूस ऐकू येत होता. तू त्या दुकानासाठी बसत नव्हतीस. नागोबा, लालपरी, मुकादम, ही सगळी तू कधी पाहिलीच नाहीस. तू मला ऐकायला बसत होतीस. आणि मी काय फक्त दुकानाबद्दल बोलायचे? त्याच जागी बसून मी संध्याकाळी ह्यांच्याजवळ तुझा उद्धार करायचे. कल्याणला फोन लावून सुवर्णाला सांगायचे, तुझी काकी अशी, तुझी काकी तशी, पोटात एक ओठात एक. घूस म्हणायचे. तुझ्या गुडघेदुखीला सोंग म्हणायचे. सगळं तुला ऐकू गेलं असणार. शब्दन् शब्द.

आणि दुसऱ्या दिवशी चारला दुकान लागलेलं असायचं.

इतकं ऐकून तू जागा का बदलली नाहीस, ताई? घरात दुसऱ्या भिंती होत्या. तिकडं बसली असतीस, टीव्ही तरी दिसला असता.

मी रडले ते तेव्हा. बायकांना वाटलं, उशिरानं का होईना, जावेला पाझर फुटला. रडता रडता माझी मूठ आपोआप उठली आणि तुझ्या बाजूनं भिंतीवर दोन ठोके पडले. पलीकडून ह्यांचा आवाज आला. त्यांना आपल्या ठोक्यांतलं काय कळणार?

"काय पायजे आथा?"

मी डोकं त्या तेलाच्या डागावर तसंच ठेवलं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "बोलत रावा."